विशीतल्या माणसांचं देणं

मी ज्यांचं देणं लागते त्या माणसांची तेव्हाची वयं आठवली की आज छाती दडपते. साखरशाळेतल्या बाई वीस वर्षांच्या होत्या. दादा एकोणीसचा. त्याची बहीण, म्हणजे आमची अक्का, बावीसची. दादाबरोबर कागद घेऊन दारोदार फिरणारी चार-पाच पोरं त्याच्याच वर्गातली. मला ती सगळी मोठी माणसं वाटायची. मोठ्यांनी मोठ्यांशी भांडावं तसं ते चाललंय, असं मी धरून चालले होते. आता माझ्या वॉर्डात शिकायला येणाऱ्या मुली त्याच वयाच्या असतात. पहिलं इंजेक्शन देताना त्यांचा हात थरथरतो. त्यांच्याकडे बघताना वाटतं, एवढ्याशा वयात ही माणसं मुकादमासमोर, भावकीसमोर, हवालदारासमोर कशी उभी राहिली असतील?

आमचं गाव बीड जिल्ह्यात, धारूर तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगरात. दसरा झाला की गाव ऊसतोडीला हलायला लागतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पत्रे, बांबू, चूल, धान्याची पोती, शेळ्या, कोंबड्या आणि लेकरं चढतात. मागे म्हातारी माणसं राहतात. हंगाम संपून पट्टा पडल्यावर, गुढीपाडव्याच्या आगेमागे, टोळ्या परत येतात. निघण्याआधीच टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती ऊस तोडून फेडायची असते. उचल जोडप्यावर मिळते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, एकट्या माणसाला अर्धा कोयता. म्हणजे पोराचं लग्न झालं की घरात एक कोयता वाढतो. आणि पोरगी वयात आली की तिला सहा महिने गावात कोणाकडे ठेवायची, की फडावरच्या उघड्या कोपीत न्यायची, हा प्रश्न आई-बापापुढे दरसाल उभा राहतो. त्याला बहुतेक घरांत एकच उत्तर ठरलेलं असतं. आमच्याकडच्या बालविवाहांवर बोलताना लोक अज्ञानाचं नाव घेतात. माझ्या वडिलांना, अण्णांना, कायदा माहीत नव्हता हे खरं, पण हिशेब मात्र पक्का माहीत होता.

मी नऊ वर्षांची असताना आमची टोळी सांगलीकडच्या एका साखर कारखान्याच्या तळावर होती. आई-अण्णा पहाटे तीनला फडात जायचे. मी कोपीत राहायचे. धाकटा भाऊ सहा-सात महिन्यांचा. त्याला सांभाळायचं, पाणी भरायचं, दुपारी फडावर भाकरी पोचवायची आणि परत येताना वाढ्याचा भारा आणायचा. तळाच्या कडेला पाचटाची एक लांबट कोपी उभी राहिली, तीच साखरशाळा, ऊसतोड्यांच्या लेकरांची. त्या काळात औरंगाबादच्या ‘जनार्थ’सारख्या संस्थांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांवर अशा शाळा चालवल्या होत्या आणि बघून बघून इतर ठिकाणीही त्या निघाल्या होत्या. आमच्या शाळेवरच्या बाई जवळच्याच गावातल्या. डी. एड. नुकतंच झालेलं. रोज सायकलवर यायच्या.

मी दाराशी उभी राहून ऐकायचे, कडेवर भाऊ. बाई म्हणाल्या, “आत ये की.”

“पोरगं हाय,” मी म्हटलं.

“मग पोरग्यालाबी घिऊन ये.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून आईचं जुनं लुगडं आणलं. कोपीच्या मधल्या मेढीला आणि आडव्या बांबूला त्याची झोळी बांधली, भावाला तिच्यात घातलं आणि झोळीची दोरी माझ्या पायाच्या अंगठ्यात अडकवली. हातानं पाटीवर लिहायचं, पायानं दोरी ओढायची. पाय थांबला की भाऊ रडायचा, म्हणून बेरजा करतानाही पाय चालूच. मी आयुष्यातली पहिली जोडाक्षरं अशी शिकले. पंधरवड्यात त्या कोपीत आणखी झोळ्या लटकल्या, कारण माझ्यासारख्या लेकरं सांभाळणाऱ्या पोरी तळावर भरपूर होत्या. एकदा पाहणीला साहेब आले. ते म्हणाले, ही शाळा आहे की पाळणाघर? बाईंनी शांतपणे सांगितलं, झोळ्या काढल्या तर निम्म्या मुली उद्यापासून येणार नाहीत, तुम्ही सांगाल तसं करते. साहेब काही बोलले नाहीत. झोळ्या राहिल्या.

त्या तळावर पाण्याचे फार हाल. हापसा लांब, रस्ता ट्रॅक्टरचा, आणि पाणी आणायचं काम लेकरांचंच. बाईंनी आम्हाला बसवून विचारलं की तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो. असं आम्हाला कोणी कधी विचारलं नव्हतं, त्यामुळे बराच वेळ कोणी तोंड उघडलं नाही. मग एक जण पाणी म्हणाला आणि सगळीच पाणी पाणी करायला लागली. बाई म्हणाल्या, मग कारखान्याला अर्ज करू, तुम्हीच करायचा. मजकूर आम्ही सांगितला, त्यांनी फळ्यावर लिहिला, ज्यांना येत होतं त्यांनी कागदावर उतरवला. सहीची वेळ आली तेव्हा कोणीतरी अंगठ्यासाठी शाई मागितली. बाईंनी कागद घडी करून पिशवीत ठेवला. म्हणाल्या, अंगठा नाही चालायचा, ज्याला नाव येत नाही त्यानं आधी नाव लिहायला शिकायचं, अर्ज तोवर थांबेल. अर्ज थांबला. मोठी पोरं लहानांच्या मागे लागली, संध्याकाळी चुलीपाशी राखेत नावं गिरवून घ्यायला लागली. शेवटच्या पोराला स्वतःचं नाव आल्यावर बाई आम्हाला घेऊन शेती अधिकाऱ्याच्या ऑफिसात गेल्या. आम्ही भिंतीला चिकटून उभे. बाईंच्या हातात कागद, आवाज जरा चिरका झालेला. त्यांनाही भीती वाटत असणार हे मला आज कळतं. पुढच्या आठवड्यात तळावर काळी प्लास्टिकची टाकी आली आणि एक दिवसाआड टँकर.

खूप वर्षांनी मी बालहक्कांची संहिता वाचली. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं ती २० नोव्हेंबर १९८९ला स्वीकारली आणि भारतानं ११ डिसेंबर १९९२ला मान्य केली. तिच्या बाराव्या कलमात म्हटलंय की मुलाला आपलं मत बनवता येत असेल, तर त्याच्याशी संबंधित प्रत्येक बाबतीत ते मांडण्याचा त्याला हक्क आहे आणि त्या मताला वय आणि समज पाहून वजन दिलं पाहिजे. बाईंनी ते वाचलं होतं की नाही, मी कधी विचारलं नाही. महाराष्ट्राला तर त्यासाठी १९८९पर्यंत थांबायचीही गरज नव्हती. मुक्ता साळवे ही फुल्यांच्या पुण्यातल्या शाळेत शिकणारी, वयानं अजून मूलच असलेली मुलगी. मांग-महारांच्या दुःखावरचा तिचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’त छापून आला. आपल्या लोकांची गाऱ्हाणी तिनं स्वतःच्या नावानं, स्वतःच्या शब्दांत मांडली. दर ३ जानेवारीला शाळाशाळांतून सावित्रीबाईंची जयंती होते, तेव्हा तिचंही नाव पोरींना सांगितलं जावं असं मला फार वाटतं.

त्या हंगामानंतर बाई मला भेटल्या नाहीत. निघताना त्यांनी प्रगतीचा कागद लिहून दिला होता. त्याच्यावर मला गावात पुढच्या वर्गात घेतलं, नाहीतर मी परत पहिलीत बसले असते. १ एप्रिल २०१०पासून शिक्षणहक्क कायदा लागू झाला आणि साखरशाळा एकेक करून बंद झाल्या. मुलांना जिथं असतील तिथल्या जिल्हा परिषद शाळेत घालायचं किंवा गावात हंगामी वसतिगृहात ठेवायचं, असं धोरण आलं. मूल नियमित शाळेत जावं हे बरोबरच आहे. पण अंगठ्याला दोरी बांधलेल्या मुलीला नियमित शाळेत कोण घेणार होतं?

२०१२च्या उन्हाळ्यात माझी नववी झाली होती आणि सुपारी फुटली होती. मुलगा वडवणीकडचा, कामाला चांगला, माणसं ओळखीची. मी पंधरा वर्षांची. मला रडूही आलं नव्हतं, कारण वर्गातल्या तिघी आधीच गेल्या होत्या आणि आता माझा नंबर एवढंच मला कळत होतं.

दादा भावकीतलाच, आमच्या दोन घरं पलीकडे राहणारा. अंबाजोगाईला बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होता. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात त्यानं कायदा समजून घेतला होता. बालविवाह प्रतिबंध कायदा २००६चा, अमलात आला १ नोव्हेंबर २००७ला. मुलीला अठरा, मुलाला एकवीस. लग्न लावणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. गावपातळीवर ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंध अधिकारी. हे सगळं दादाच्या वहीत लिहिलेलं होतं. पण तो वही घेऊन अण्णांकडे गेला नाही. आधी माझ्याकडे आला. मी हापश्यावर होते.

“तुला करायचंय का लगीन?”

मी घागर भरत राहिले.

“मी परत इचारत नाही. तुला करायचं असंल तर मी ह्याच्यात पडत नाही.”

मी नाही म्हटलं. किती हळू म्हटलं असेल कोण जाणे, पण त्याला ऐकू गेलं. तो म्हणाला, “मग हे तुझ्या हातानं लिही. सही मला येती तुझ्या नावाची, पण ती तुझी नसंल.”

मी वहीच्या पानावर अर्ज लिहिला. लिहिताना मला त्या पाण्याच्या अर्जाचा मायना आठवत होता, तोच वापरला.

ग्रामसेवकानं पहिल्या दिवशी ही घरगुती बाब म्हणून कागद परत दिला. दादाची मित्रमंडळी पंचायतीच्या पायरीवर बसून राहिली. पोच घेतल्याशिवाय हलायचं नाही, एवढं एक त्यांनी पक्कं शिकून घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी शिक्क्यासकट पोच मिळाली. मग शाळेतून जन्मतारखेचा उतारा निघाला आणि ग्रामसेवक, बीटचा हवालदार आणि अंगणवाडीच्या ताई आमच्या दारात आल्या. मुलगी अठरा वर्षांची झाल्याशिवाय लग्न करणार नाही, असं हमीपत्र अण्णांनी लिहून दिलं. अण्णांची सही वाकडीतिकडी आली. मी दाराआडून बघत होते.

माणसं पांगल्यावर अण्णा दादाला म्हणाले, “लई शिकलास. आता एक सांग. दसऱ्याला मी जाणार. पोरगी कुणाच्या भरवशावर ठिवू?”

दादा काही न बोलता घरी गेला. बातमी छापून आली असती तर इथंच संपली असती, लग्न रोखलं म्हणून. पुढचं कोणी लिहीत नाही, आणि माझं सगळं देणं पुढच्यातच आहे. संध्याकाळी दादा त्याच्या आईला घेऊन आला. काकू उंबऱ्यावरच बसल्या आणि आईला म्हणाल्या, “माझ्या भरवशावर ठिवा. दोन पोरी समजते.”

त्या वर्षी मराठवाड्यात भयंकर दुष्काळ पडला. २०१२ सालचा पावसाळा कोरडा गेला आणि २०१३च्या उन्हाळ्यात धरणांचे तळ उघडे पडले. गावात टँकर यायचा, त्याच्यापाशी भांडणं व्हायची. अशा वर्षात काकूंनी घरात एक तोंड वाढवलं. पहाटे चारला उठून त्या हंडे रांगेत लावून यायच्या आणि मला उठवायच्या ते अभ्यासाला, पाण्याला नाही. भाकरी वाढताना माझ्या ताटात आणि अक्काच्या ताटात त्यांनी कधी फरक केला नाही. मी बघत असायचे, कारण परक्या घरात जेवणारं पोर हे बघतंच.

काका दरसाल आमच्याच टोळीत अर्धा कोयता म्हणून जायचे. त्या वर्षी मुकादमानं त्यांना उचल नाकारली. कारण कोणी सांगितलं नाही, सांगायची गरज नव्हती. काका ओळख ना पाळख अशा टोळीबरोबर कर्नाटकात गेले. भावकीत दोन लग्नं झाली, हळदीचं बोलावणं काकूंच्या घरी आलं नाही. आणि अक्काचं जमत आलेलं स्थळ मोडलं. ज्या घरचा पोरगा दुसऱ्यांची लग्नं मोडतो त्या घरची पोरगी नको, असा निरोप पाहुण्यांनी पाठवला. अक्का बारावी झालेली, शिवणकाम करायची. निरोप आला त्या रात्री तिनं उशिरापर्यंत मशीन चालवलं. आम्ही एका वाकळेत झोपायचो. ती मला काहीच बोलली नाही.

दादा रविवारी समाजमंदिरात आम्हा पोरा-पोरींचा अभ्यास घ्यायचा. तिथंच त्यानं इक्बाल मसीहची गोष्ट सांगितली. पाकिस्तानातल्या लाहोरजवळच्या मुरीदकेचा मुलगा. घरच्यांनी सहाशे रुपयांच्या कर्जापायी त्याला चौथ्या वर्षी गालिच्याच्या मागावर बसवलेलं. दहाव्या वर्षी तो सुटला आणि नुसता सुटून गप्प बसला नाही, दुसऱ्या मुलांना सोडवायला बोलत फिरला, पार अमेरिकेपर्यंत जाऊन आला. १६ एप्रिल १९९५ला त्याला गोळी घातली तेव्हा तो बारा वर्षांचा होता. ती बातमी वाचून कॅनडात टोरांटोजवळच्या क्रेग किलबर्गर नावाच्या बारा वर्षांच्याच मुलानं वर्गातली पोरं गोळा केली आणि बालमजुरीविरुद्ध काम सुरू केलं. दादा सांगत होता आणि मागच्या रांगेतून एका पोरानं विचारलं, “म्हंजे त्याच्यावर उचल होती?” सगळे गप्प झाले. दादा म्हणाला, “हो. उचलच.” लाहोर आमच्यापासून किती लांब आहे हे आम्हाला माहीत नव्हतं, पण उचल फिटत नाही म्हणजे काय, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं.

मी दहावी झाले. बारावी, मग नर्सिंग. अण्णांनी फी भरली, उसाच्याच पैशातून, आणि माझी नोकरी लागल्याचे पेढे पहिल्यांदा काकूंच्या घरी नेऊन दिले. ते दोघं त्यावर काही बोलले असतील तर मला माहीत नाही.

आता मी प्रसूती कक्षात असते. पोरी येतात, नातेवाईक वय एकोणीस सांगतात. आधार कार्ड घरी राहिलेलं असतं. हाताची मनगटं बघून मला कळतं. रक्त कमी, दाब वाढलेला, बाळ दोन किलोच्याही आत. वय अठराच्या खाली निघालं तर बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायद्याखाली पोलिसांना कळवावं लागतं, आणि ऑक्टोबर २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलंय की लग्न झालेलं असलं तरी अठराखालच्या मुलीला कायद्याचं संरक्षण आहे. मी कळवते. कळवताना तिची सासू माझ्या पाया पडते, आणि खाटेवरची मुलगी माझ्याकडे बघत असते. २०१९ ते २१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वीस ते चोवीस वयाच्या महाराष्ट्रातल्या बायकांपैकी जवळजवळ बावीस टक्के अठराच्या आत लग्न झालेल्या निघाल्या. बीड जिल्ह्यात हे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या वर होतं. हे आकडे मी वाचते तेव्हा मला दिसतात त्या वर्गातल्या आधी गेलेल्या तिघी. त्यांच्या गल्लीत दादा नव्हता, बाकी त्यांच्यात आणि माझ्यात काही फरक नव्हता.

म्हणून कोणी मला सांगितलं की मुलांचे हक्क कायद्यानं मिळतात, तर मी अर्धंच मान्य करते. कायदा २००७पासून होता. तो आमच्या उंबऱ्यापर्यंत आला ते एका एकोणीस वर्षांच्या पोरानं पोच घेऊन आणला म्हणून, आणि टिकला तो काकूंनी ताट वाढलं म्हणून. अशा पोरांच्या मागे आज गावोगावी कोण आहे? त्यांना शिबिरात टाळ्या मिळतात, प्रमाणपत्र मिळतं. गावात परत गेल्यावर त्यांच्या बापाची उचल अडते, बहिणीचं स्थळ मोडतं. तिथं त्यांच्या पाठीशी उभं राहायची कुठलीही योजना मी पाहिलेली नाही. आणि ज्या दिवशी टोळी हलते त्याच दिवशी वसतिगृहाचं दार उघडं पाहिजे, महिन्यानं नाही. एवढी साधी गोष्ट झाली तरी आमच्याकडची कित्येक लग्नं ठरणारच नाहीत.

दादा आता अंबाजोगाईत झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान चालवतो. दसऱ्याच्या आधी गावातल्या कॉलेजच्या पोरी त्याच्या दुकानात जमतात. कोणत्या घरची मुलगी मागे राहणार, कोणाकडे राहणार, कोणाची दहावी आहे, याची यादी त्याच करतात. त्यांचा गट माझ्यापेक्षा कितीतरी धीट आहे. गेल्या वर्षीपासून यादीतल्या दोघी जणी हंगामभर माझ्या खोलीवर राहतात. काकूंसारखं वाढायला मला अजून जमत नाही. रात्रपाळी असली की त्याच मला डबा भरून देतात.

अक्काचं लग्न पुढे दोन वर्षांनी झालं, लातूरला. चांगली माणसं मिळाली. तिचं स्वतःचं शिलाईचं दुकान आहे. इतकी वर्षं जे विचारायचं होतं ते मी मागच्या दिवाळीत तिला फोनवर विचारलं, की तुला तेव्हा राग नव्हता आला का.

“आला होता की,” अक्का म्हणाली. “महिनाभर दादाशी बोलले न्हवते मी.”

“आणि माझ्यावर?”

“तुझ्यावर कशाला? तू तर तवा पूर्वपरीक्षेचं गणित घिऊन बसलेली. मशीन मी भिंतीकडं सरकवली न्हवती का, बल्ब तुझ्या वहीवर पडावा म्हणून? तुला ध्यानात बी न्हाई.”

खरंच ध्यानात नव्हतं.